पाचवं कडवं

दत्तात्रय खवसेबद्दल लिहायचं तर आधी एक सांगून टाकतो. तो कवी नव्हता. निदान ज्याला बघून माणसं हळूच उठून जातात तसला तर नव्हताच. त्याचं पुस्तक नाही, तो कधी संमेलनाला गेला नाही. सौंसरच्या एका सरकारी कार्यालयात तो बाबू होता. तीस वर्षं पांढुर्ण्याहून सकाळच्या बसने गेला आणि संध्याकाळच्या बसने आला. येताना बसस्टँडवरून थेट माझ्या प्रेसवर यायचा, एक चहा प्यायचा आणि मग घरी जायचा.

मी नत्थूजी प्रेसवाला. लग्नपत्रिका, तेरवीच्या पत्रिका, पावती पुस्तकं, संत्र्याच्या पेट्यांवरची लेबलं, जे येईल ते छापतो. गावातल्या निम्म्या घरांची सुखदुःखं मला आठ दिवस आधी कळतात, आणि त्यातल्या चुका जन्मभर ऐकून घ्याव्या लागतात. पांढुर्णा जिल्हा झाला त्या वर्षी मी सव्वाशे पत्रिकांवर जुन्या सवयीने जिल्हा छिंदवाडा छापलं, तर अजून लोक सोडत नाहीत. म्हणून मी माणसाला त्याच्या मजकुरावरून ओळखतो. दत्ताचा मजकूर मला वीस-पंचवीस वर्षं वाचायला मिळाला.

दुसऱ्याच्या तोंडून बोलायची सवय त्याला ऑफिसात लागली. खेड्यावरून आलेल्या माणसांचे अर्ज तोच लिहून द्यायचा, हिंदीत, ‘सविनय निवेदन है कि’पासून. अर्ज लिहिता लिहिता तो सकाळी विधवा व्हायचा, दुपारी तीन मुलींचा बाप, आणि चार वाजता ज्याच्या वावरात कालव्याचं पाणी शिरलं तो माणूस. त्याचा एक अर्ज वाचून साहेबाने म्हणे अर्जदाराला खुर्ची दिली. अर्जदार इतका घाबरला की काम न सांगताच निघून गेला.

पुढे त्याच्या बहिणीचं लग्न निघालं आणि तो पत्रिका घेऊन माझ्याकडे आला. पत्रिकेच्या तळाशी घरातल्या लहान मुलाच्या नावाने एक ओळ असते, ‘आमच्या आत्याच्या लग्नाला यायचं हं’. सगळ्यांच्या पत्रिकेत तीच. मी ती जुळवून तयारच ठेवलेली असायची. दत्ताने ती काढायला लावली आणि स्वतःची दिली, ‘माझ्या आत्याचं लग्न आहे. मला नवीन बूट आणले. ते चावतात. तुम्ही या.’ मी म्हटलं, अरे, असं छापतात काय? तो म्हणाला, पोरगं असंच बोलते न पण. ती पत्रिका गावभर फिरली आणि त्यानंतर लोक माझ्याकडे पत्रिकेचे नमुने कमी आणि दत्ताचा पत्ता जास्त विचारू लागले.

मग तो एकेक शिकत गेला. शिकला म्हणजे शाळेत बसून नाही. बारशाचा पाळणा हवा असला की दोन म्हाताऱ्या गाठून त्यांचे पाळणे ऐकायचा आणि त्या चालीत नवं नाव बसवायचा. तेरवीच्या पत्रिकेसाठी अभंगासारखी चार चरणं. रिटायर होणाऱ्या मास्तरांसाठी मानपत्र, तेही वर्गातल्या फळ्याच्या तोंडून. त्याच्या ऑफिसातल्या सुधाकरच्या भावाचं लग्न होतं, तर हा मोठ्या उत्साहाने स्वागतगीत घेऊन गेला आणि पहिल्याच ओळीत गणपतीला वंदन. सुधाकर बौद्ध. त्याने कागद शांतपणे परत केला आणि म्हणाला, “खवसे, आमच्या इथं याच्याशिवाय सुरू होते.” दत्ता महिनाभर त्यांच्या गायन पार्टीच्या तालमीला जाऊन बसला. मग जे गीत लिहिलं ते नवऱ्या मुलाच्या बहिणींनी म्हटलं, आणि अजूनही म्हणतात असं ऐकतो.

मंगलाष्टकाचं वृत्त त्याला रघुनाथरावांनी शिकवलं. शाळेतून निवृत्त झालेले, फार खडूस. माझ्या प्रेसच्या काउंटरवर लाकडी फूटपट्टी आपटत ते त्याला शार्दूलविक्रीडित शिकवायचे. एका ओळीत एकोणीस अक्षरं, बारा झाली की श्वास, मग सात. अक्षर चुकलं की पट्टी दत्ताच्या बोटावर. चाळिशीतला सरकारी बाबू बोटं चोळत ‘पुन्हा म्हणतो सर’ म्हणायचा आणि मी मशीनमागे जाऊन हसायचो.

आमच्याकडे हल्ली मंगलाष्टकांचा छापील कागद वाटायची पद्धत आहे. गुलाबी नाहीतर पिवळा, वर गणपती, खाली पाच कडवी. पहिलं कुलदैवताचं, दुसरं आजी-आजोबांचं, तिसरं वराकडच्यांचं, चौथं भावंडांचं. आणि पाचवं नवरीच्या आईच्या तोंडचं. हे पाचवं दत्ताने सुरू केलं. त्यावरच त्याचं नाव झालं. पहिली चार चालू असताना लोक अक्षता एकमेकांच्या डोक्यात टाकत असतात, फोटोवाल्याला ढकलत असतात. पाचवं सुरू झालं की बाया गप्प होतात. पुरुषसुद्धा चप्पल शोधायचं थांबवतात.

पहिलं पाचवं कडवं त्याने तिगावच्या कुसुमबाईंच्या मोनालीसाठी लिहिलं. मला नीट आठवतं, कारण त्यापायी माझे कागद वाया गेले. आधी त्याने दिलेली ओळ होती,

लक्ष्मीरूप सुता घरी निवसली, प्राणप्रिया शांतिदा

वृत्तात चोख. रघुनाथरावांनी पट्टी खाली ठेवली. मी छापायला घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दत्ता धापा टाकत आला, म्हणाला थांबव, बदलायचं आहे. नवी ओळ होती,

डोई तेल कुणी तुझ्या भरिल गे, वेणी कुणाच्या करी

मी चिडलो होतो, पण ओळ वाचली आणि पुन्हा जुळवायला घेतली. मला वाटलं, याला आतून काहीतरी सुचायला लागलं. त्यानंतर असली एकेचाळीस पाचवी कडवी मी छापली. प्रत्येकात आई वेगळी. एक सांगते, सासूला उलट बोलू नकोस पण उपाशीही झोपू नकोस. एक सांगते, तुझी कापडं मी कपाटातून काढणार नाही. बाप्या माणूस हे कुठून आणतो, असं मी त्याला छेडायचो. तो चहा फुंकत हसायचा.

त्याची बायको वंदना ब्लाउज शिवायची. चांगली शिवायची, त्यामुळे लग्नसराईत तिच्या घरी रांग असायची. बोलायला फटकळ. मला म्हणायची, “भाऊजी, तुमच्या प्रेसची शाई यांच्या शर्टाले लागते, साबन तुमीच आनून देत जा.” पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे गोटमार असते, तिच्या आदल्या आठवड्यात तिला ताप आला. आधी गावातच औषध, मग नागपूर, मग अकरा दिवस दवाखाना, मग ती गेली. सांगण्यासारखं यात एवढंच आहे.

दत्ता रडला नाही. मी शेजारीच उभा होतो. तो लोकांना पाणी विचारत होता. तेरवीच्या पत्रिकेसाठी मी त्याच्याकडे गेलो तेव्हा म्हटलं, दत्ता, चार ओळी तू दे, तुझ्याशिवाय कोण देणार. तो म्हणाला, “फाइलीतली लाव एखादी.” मी दुसऱ्या कोणाच्या बाईसाठी त्यानेच केव्हातरी लिहिलेल्या ओळी लावल्या. त्याने प्रूफ वाचलं, एका ठिकाणी वेलांटी दुरुस्त केली आणि सही करून परत दिलं. दहाव्या दिवसानंतर तो पुन्हा बसने सौंसरला जाऊ लागला. प्रेसवर चहा प्यायला येतच होता. चहात साखर नाही टाकली तरी तो पिऊन टाकायचा. मी एकदा मुद्दामच नाही टाकली. मला त्याचा राग येत होता. त्याने एकदा तरी कप आपटायला पाहिजे होता.

मानसी, त्याची एकुलती एक मुलगी, बँकेत आहे. तिचं लग्न वंदना असतानाच सौंसरच्या गौरवशी ठरलं होतं. वर्षाच्या आत करून टाका, असं सगळ्यांनी सांगितलं, तेव्हा फेब्रुवारीतली तारीख निघाली. पत्रिका छापून झाल्या. मग एक दिवस मानसी बापाबरोबर प्रेसवर आली. मंगलाष्टकांचा कागद ठरवायचा होता. ती बराच वेळ रंग पाहत बसली आणि मग बापाला म्हणाली, “बाबा, चार कडवी तुम्ही कशीही लिहा. नाही लिहिली तरी चालन. पाचवं मले आईचं पाहिजे. तिच्या आवाजात.”

“हो,” दत्ता म्हणाला. ऑफिसात कागदावर आवक क्रमांक टाकावा तसं.

चार कडवी त्याने दोन दिवसांत दिली. ती चांगली होती, मी जुळवून ठेवली. पाचव्याची वाट पाहू लागलो. लग्नाला अठरा दिवस होते, मला आठ दिवस आधी मजकूर हवा होता.

पहिलं त्याने वृत्तात आणलं. संध्याकाळी मानसी बँकेतून येताना प्रेसवर थांबली. तिने वाचलं आणि कागद खाली ठेवला.

“हे मोनालीताईच्या लग्नातलं आहे.”

“ओळ नवीन हाय,” दत्ता म्हणाला.

“ओळ नवीन आहे. तेल तेच आहे.”

दुसऱ्या दिवशी त्याने ओवी आणली. जात्यावरची चाल, आई लेकीला सांगते की उन्हाची येऊ नको, सकाळी ये. मानसीने दोन ओळीतच ओळखलं. हे त्या गुजरी चौकातल्या मुलीचं. मग अभंग आणला, मग गझलेसारखे चार शेर, मग म्हणे मुक्तछंद, मग साधं पत्र, ‘प्रिय मानसी’. दर संध्याकाळी एक नवीन प्रकार. एखाद्या दुकानदाराने गिऱ्हाईकापुढे एकेक लुगडं उलगडून टाकावं तसा तो टाकत होता. सगळं नीट, मोजून मापून, अक्षर सुंदर. आणि दर वेळी मानसी सांगायची, हे कोणाचं आहे. तिला सगळी पाठ होती.

सातव्या दिवशी तिने कागद वाचलाच नाही. घडी तशीच हातात धरून ती स्टुलावर बसली.

“बाबा, मी त्याच घरात वाढली न. बाजूच्या खोलीत अभ्यास करत राहायची. आई काय काय बोलायची ते सगळं मले ऐकू यायचं. तुम्ही ते लिहून घेऊन लोकांच्या लग्नात वाचायचे. मले तेव्हा मस्त वाटायचं. आता मले एवढंच विचारायचं आहे, की माझ्यासाठी काही ठेवलं का नाही?”

तिचा आवाज चढला नव्हता. मी मशीन बंद केलं. दत्ता तिच्याकडे पाहत राहिला. त्याच्या तोंडावर काही नव्हतं. ती गाडी काढून निघून गेली.

तेव्हा मला ते कळलं. मी विचारलं म्हणून त्याने सांगितलं, नाहीतर त्यानेही सांगितलं नसतं. नवरीच्या आया ब्लाउजचं माप द्यायला वंदनाकडे यायच्या. हात वर करून उभ्या असताना वंदना त्यांना विचारायची, काय वो, पोरीले काय सांगान? त्या बिचाऱ्या काय सांगणार. सुखात राहा म्हणा, एवढंच. मग वंदना टेप गुंडाळत म्हणायची, मी तं मानसीले असं म्हनलं असतं. आणि बोलत सुटायची. दत्ता पडद्याअलीकडे खाटेवर बसून तेच लिहून घ्यायचा, त्याची एकोणीस अक्षरं करायचा आणि तिला वाचून दाखवायचा. ती म्हणायची, “प्राणप्रिया? असं कोनती माय म्हनते? तुमी झोपा आता.” म्हणजे मोनालीची ती ओळ सकाळी का बदलली हे मला अकरा वर्षांनी समजलं.

“बाईचा आवाज मले येतच नाही, नत्थूभाऊ,” तो म्हणाला. “तो तिचाच होता. मी फक्त मोजून देत होतो.”

“पण दत्ता, तीस वर्षं तू तिच्यासोबत राहिला. तिने आता काय म्हटलं असतं ते तुला येईना?”

“मी बसतो. कागद घेतो. मले काहीच वाटून नाही राहिलं. वाईटही नाही वाटत. ते कशी बोलायची ते मले पाठ हाय, पन जे बोलली तेच पाठ हाय. पुढचं नाही.”

मी रागावलो. गावातल्या एकेचाळीस आयांना रडवलंस आणि स्वतःच्या पोरीपुढे हात वर करतोस, असं काहीबाही बोललो. तो ऐकून घेऊन उठला आणि बसस्टँडकडे चालू लागला. घर उलट्या बाजूला होतं. शंभर पावलं गेल्यावर त्याच्या लक्षात आलं आणि तो वळला.

प्रत्येक कामाची एक प्रत मी फाइलीत लावून ठेवतो. त्या रात्री घरी जाण्याआधी मी एकेचाळीस कागद काढून पाचवी कडवी वाचली. आता ती एकाच बाईने एकाच पोरीला सांगितलेली होती. तेल, वेणी, उपाशी झोपू नकोस, कापडं तशीच राहतील, उन्हाची येऊ नको, रागावून फोन बंद करू नको, पहिलं लेकरू झालं की महिनाभर माझ्याकडेच. नावं मात्र वेगवेगळ्या घरांतल्या पोरींची. मी म्हाताऱ्या माणसासारखा चष्मा पुसत बसलो. मला वाईट वाटत होतं आणि ज्याला वाटायला पाहिजे त्याला वाटत नव्हतं, याचंही वाईट वाटत होतं.

रविवारी दत्ता तिगावला कुसुमबाईंकडे पत्रिका द्यायला निघाला. मी म्हटलं, चल, मी येतो स्कूटरवर. माझा स्वार्थ होता. कुसुमबाई वंदनाची जुनी मैत्रीण, त्यांना काही वेगळं आठवत असेल तर मजकूर मिळेल. कुंकू लावून पत्रिका दिली, चहा झाला, आणि मीच विषय काढला. कुसुमबाईंनी आधी डोळ्यांना पदर लावला. मग एकदम म्हणाल्या,

“मी इचारलं होतं वंदनाले. मोनालीचं लगन झाल्यावर. म्हटलं, आमच्या पोरींसाठी एवढं सांगतं, तुह्या मानसीसाठी तं भाऊंनी आधीच लिहून ठेवलं असन. तं हासली. म्हने, माह्या मानसीच्या लग्नात पाचवं कडवं नाही ठेवाचं. मी तिच्या मांगंच उभी राहीन न. मले जे सांगाचं ते तिच्या कानात सांगन. सगळ्या गावाले कायले ऐकवू.”

“काय सांगणार होती?” मी विचारलं.

“ते नाही सांगतलं. म्हने, ते मानसीचं हाय.”

दत्ता बशीत उरलेला चहा पाहत होता. त्याने बशी खाली ठेवली, कुसुमबाईंना लग्नाला दोन दिवस आधी यायला सांगितलं आणि आम्ही निघालो. रेल्वे फाटक बंद होतं. मालगाडी गेली, फाटक उघडलं, मागच्या गाड्या हॉर्न वाजवू लागल्या. मी स्कूटर सुरूच केली नव्हती. दत्ता मागून म्हणाला, “चाल न.”

मानसीला त्याने त्याच संध्याकाळी सांगितलं, कुसुमबाईंचे शब्द जसेच्या तसे, घरच्या ओट्यावर, माझ्यासमोर. तिने विचारलं, “मग कानात काय सांगणार होती, बाबा?”

“मले माहीत नाही, बेटा.”

ती आत गेली. भांड्यांचा आवाज आला. बऱ्याच वेळाने ती चहा घेऊन बाहेर आली, डोळे लाल होते. म्हणाली, “मग तसंच ठेवा. आईनं नाही म्हटलं तं नाही.”

दुसऱ्या दिवशी दत्ताने प्रेसवर येऊन शेवटचं प्रूफ मागितलं. चार कडव्यांखाली त्याने पेनने पाचचा आकडा काढला आणि आकड्यापुढे काही लिहिलं नाही. म्हणाला, चार ओळींची जागा सोड.

मी भांडलो. अरे, कोरी जागा म्हणजे प्रेसची अब्रू. आकडाच काढून टाक, चार कडवी छापतो, कोणाला कळणार नाही. तो म्हणाला, आकडा ठेव. मी म्हटलं, लोक मला जोडे मारतील. तो म्हणाला, “मारू दे.” मी पिवळ्या कागदावर पाचशे प्रती छापल्या. प्रत्येक कागद उचलताना माझा हात त्या कोऱ्या जागेवर अडखळत होता. इतकी वर्षं चुका झाल्या त्या नकळत झाल्या. ही मी बघून छापली.

लग्न दुपारचं होतं. कार्यालय भरलेलं. अंतरपाट धरला, मानसीच्या मागे तिचा मामा उभा राहिला, आणि त्याच्या बाजूला कुसुमबाईंनी कोणालाही न सांगता एका माणसाची जागा मोकळी ठेवली. दोन-तीन बाया तिथे घुसायला लागल्या तर कोपराने मागे सारल्या. माइकवर दत्ताच होता. दुसऱ्यांच्या लग्नात तोच म्हणतो, तर स्वतःच्या पोरीच्या लग्नात दुसरं कोण म्हणणार. चार कडवी त्याने म्हटली. सूर कुठे हलला नाही. अक्षता पडल्या, बाया पाचव्यासाठी गप्प झाल्या.

दत्ता गप्प उभा राहिला. त्याच्या अंगठ्याने बोटांची पेरं मोजायला सुरुवात केली. बारा, श्वास, सात. पुन्हा बारा, श्वास, सात. साउंडवाल्याला वाटलं माइक गेला, तो धावत येऊन वायर हलवू लागला. मी त्याला दंडाला धरून मागे ओढला. कोणीतरी कागद उलटा करून मागे पाहिलं. कोणी अक्षता टाकून दिल्या. मानसी खाली मान घालून उभी होती आणि तिचे खांदे हलत होते. चौथ्या ओळीची एकोणीस झाली तेव्हा दत्ताने माइक तोंडाजवळ नेला आणि ‘शुभमंगल सावधान’ म्हटलं. अगदी रोजच्या आवाजात.

जेवणाच्या पंगतीत मला सात जणांनी पकडलं. नत्थूजी, पाचवं कडवं छापायचं राहिलं. एकाने तर कागद माझ्या ताटाशेजारी ठेवून बोट दाखवलं. मी सगळ्यांना म्हटलं, हो, माझी चूक झाली. भांडलो नाही. बायकोने माझ्याकडे वळून वळून पाहिलं.

पाचच्या सुमारास पाठवणी झाली. सगळ्यांच्या गळ्यात पडून झाल्यावर मानसी बापाजवळ आली. मी गाडीपाशी सामान ठेवत होतो, मला ऐकू आलं नाही, फक्त दिसलं. ती त्याच्या गळ्यात पडली नाही. तिने पदर मागे सारला आणि डोकं थोडं वळवून कान त्याच्या तोंडाजवळ नेला. दत्ता तसाच उभा. दोघंही बराच वेळ तशी उभी होती. गौरवने ड्रायव्हरला हॉर्न वाजवू नको म्हणून हात केला. मग ती वाकून पाया पडली आणि गाडीत बसली.

कार्यालयातल्या खुर्च्या एकावर एक रचायला सुरुवात झाली होती. दत्ता एका खुर्चीवर बसला होता, मी दुसरी ओढून त्याच्या शेजारी बसलो. मला राहवेना. मी विचारलं, काय सांगितलंस तिला?

“मी म्हटलं, बेटा, तुह्या आईचं मले येत नाही,” तो म्हणाला. “तं ते म्हने, आईचं नको, बाबा. तुमचं सांगा.”

“मग?”

“मग काय, नत्थूभाऊ. ते कान पुढं करून उभी राहिली. मले तेही आलं नाही.”